मासळीवाचूनचे जेवण

रत्नागिरी, पेठकिल्ला
ता. ११ जुलै १९३३

काशीराम,

तुझे कार्ड काल मिळाले. पावसाने शाई पसरली होती, पण चारच ओळी होत्या, त्या लागल्या. मी स्वतः वाचल्या. हे पत्रही मीच लिहिते आहे, कोणाकडून लिहून घेतलेले नाही. तू गेलास तेव्हा मला अक्षर म्हणजे भिंतीवरची मुंग्यांची रांग. पत्राच्या डोक्यावर काय काय लिहितात ते अजून नीट येत नाही, म्हणून नुसते नाव घातले आहे.

तुला कावीळ झाली. डॉक्टरने मासळी, तेल आणि तिखट सहा महिने बंद केले. तिकडे शहरात तुझ्या खोलीतली पाचही माणसे आपल्याकडची, रोज मासळी शिजवणारी, आणि मासळीवाचून रोजचे जेवण कसे करतात ते कोणाला ठाऊक नाही. म्हणून लिहिलेस, "तुझ्याकडे करतात ते जेवण कसे करायचे ते कळव." बारा वर्षांत तुझे हे पहिले अक्षर. असो. विचारलेस ते योग्य माणसाला विचारलेस.

पहिले पंधरा दिवस पेजेशिवाय काही नको. मूठभर उकडे तांदूळ, त्याच्या आठपट पाणी, मंद आच. दाणा बोटाने दाबून बघ, मधली कणी लागता कामा नये. मीठ उतरवल्यावर घाल. दुपारी मुगाचे कढण. मूग रात्री भिजत घाल, सकाळी शिजवून पळीने घोट, वरचे पाणी काढून घे, त्यात मीठ आणि आल्याचा एवढासा तुकडा ठेचून. फोडणी नाही. नारळ नाही. हात आपोआप नारळाकडे जाईल, तो मागे घे.

पंधरा दिवसांनी दुधी घे. साल काढून उकड, मीठ घाल, भाताबरोबर खा. बेचव लागेल. बेचव लागले म्हणून सोडू नको.

तुला वाढवणाऱ्या आतेला, मथुराबाईला, हे विचारता आले नसते हे मला समजते. तिच्या घरी सोमवारी दुपारपासूनच मंगळवारच्या बांगड्याच्या गोष्टी चालतात. मी मासळी का सोडली याबद्दल तिने तुला काय सांगितले असेल तेही समजते. माझा नवस होता, एवढे तू धरून चाल.

डोळ्यांचा पिवळेपणा किती उतरला ते कळव.

तुझी आई


ता. ३० जुलै १९३३

काशीराम,

या वेळी पत्र आले, कार्ड नव्हे. डोळे निवळू लागले हे वाचून बरे वाटले. तुझा खोलीतला भिकाजी पेजेला धुण्याचे पाणी म्हणतो, तर त्याला सांग, धुण्याचे पाणी पिऊन माझा मुलगा उभा राहिला आहे. तो रोज तळलेले खाऊन जेवल्या पाटावरच आडवा होतो, असे तूच लिहिले आहेस.

तू विचारतोस, नवस होता तर बाबा परत आल्यावर फेडायचा होतास, पहिल्याच महिन्यात विधवेचे जेवण का सुरू केलेस.

याचे उत्तर पुढे केव्हा तरी. आज भाजी.

पण एक गोष्ट आधी सांगते, कारण तू ज्या चुकीने कंटाळला आहेस तीच चूक मी दोन वर्षे केली. आपल्या घरात मासळीवाचून जेवण म्हणजे सोमवार, श्रावण आणि गणपती. म्हणजे सणाचे जेवण. ते रोज करून कोणी जगत नाही. म्हणून मी काय करी, तर रोजचेच सार करी. तेच खोबऱ्याचे वाटण, तीच तिरफळे, तीच आमसोले, आणि मासळी तेवढी वगळायची. मग तिच्या जागी कधी नीरफणसाच्या फोडी, कधी कच्च्या केळ्याच्या चकत्या तुकड्यांसारख्या कापून. पहिला घास घेतला की जिभेला कळायचे, काय नाही ते. दोन वर्षे मी रोज दोन वेळा जे नाही तेच जेवत होते.

मग एकदा आजारी पडले. शेजारच्या मैनेने टाकळ्याची भाजी आणून दिली. पावसाळी टाकळा, थोडा कांदा, वर खोबरे. बाकी काही नाही. ती खाताना मला काही आठवले नाही. ती टाकळ्याची भाजी होती आणि टाकळ्यासारखी लागत होती. त्या दिवसापासून मी तुकडे कापणे बंद केले. पडवळाला पडवळासारखे शिजवायचे. भोपळ्याला त्याचा गोडवा असतो, तो मारायचा नाही. तूही मासळीचे सार मासळीवाचून करतो आहेस असे तुझ्या पत्रावरून दिसते. ते सोड. पडवळ चिरून त्यात भिजवलेली मूगडाळ घाल, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजव, मीठ आणि चिमूटभर गूळ. त्याला त्याचे नाव आहे, त्याच नावाने खा.

मी वाचायला कशी शिकले ते विचारले आहेस. तुझे बाबा गेले त्यापुढच्या मार्गशीर्षात मंगळूरच्या बंदरातून ते ज्या शिडाच्या फत्तेमारीवर होते तिच्या मालकाला पत्र आले होते. मालकाच्या घरी ते तिघांनी वाचले आणि मला तीन तऱ्हेने सांगितले. एक म्हणाला, बुडाली. दुसरा म्हणाला, दुसऱ्या बंदराला लागली असावी. तिसरा म्हणाला, देवावर भरवसा ठेव. मला ते पत्र माझ्या डोळ्यांनी वाचायचे होते. तुझे पहिलीचे पुस्तक इथेच राहिले होते. त्यावरून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून दोन वर्षांत अक्षर लागू लागले. मग मालकाकडे जाऊन पत्र मागितले. त्यात लिहिले होते, "कौले भरण्यास येणारी फत्तेमारी अद्याप आलेली नाही." एवढेच. तिघांपैकी कोणीच खोटे बोलला नव्हता, आणि खरेही.

तुझी आई


ता. २ सप्टेंबर १९३३

काशीराम,

नारळी पुनवेनंतर बोटी सुरू झाल्या, म्हणून मैनेच्या भावाबरोबर गाठोडे पाठवले आहे. त्यात फणसाच्या सुकवलेल्या आठळ्या, आमसोले आणि दोन शेर उकडे तांदूळ आहेत. आठळ्या आता चालतील, पण रोज नको, आठवड्यातून एकदा. ठेचून साल काढ, भिजत घाल, मग मऊ शिजव. गणपतीत तुझी आठवण काढली. ऋषीच्या भाजीला अळू, भेंडी, माठ, सगळे परसातलेच होते.

आता जे लिहायचे ते लिहिते.

येत्या कार्तिक वद्य पंचमीला बारा वर्षे भरतात. तुझे बाबा त्या दिवशी बंदरातून निघाले. समुद्रावर गेलेल्या माणसाची आपण बारा वर्षे वाट बघतो. नंतर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस करायचे, आणि मग तो पितरांत जातो. भटजी दोनदा विचारून गेले. अग्नी मुलाने द्यायचा. दुसऱ्या कोणी दिला तर चालतो म्हणतात, पण मला चालणार नाही.

मी बारा वर्षे कुंकू लावते आणि विधवेचे जेवते. हळदीकुंकवाला बायका मला बोलावतात आणि माझ्या कपाळाशी आल्या की त्यांचा हात थांबतो. मला त्याचे फार वाटत नाही. मला वाटते ते तुझ्या बाबांचे. महिपत तांडेल कुठे आहेत? घरात त्यांना पान वाढता येत नाही, कारण ते मेलेले नाहीत. दारात त्यांची वाट बघता येत नाही, कारण ते येणार नाहीत. त्यांना कुठेतरी बसायला जागा द्यायला हवी.

तू ये. पंधरा दिवसांची रजा काढ. तुझे पथ्याचे मी बघेन.

तुझी आई


ता. १५ ऑक्टोबर १९३३

काशीराम,

तुझे पत्र वाचले. तू लिहितोस, जिवंत माणसाच्या नावाने गवत जाळणार नाही. आते म्हणते, तिचा भाऊ कुठल्या तरी मुलखात आहे, आणि त्याला पहिल्यांदा मारले ते तुझ्या आईने. तू नऊ वर्षांचा होतास, तुझ्यासमोर ती हे बोलली, आणि मी काहीच बोलले नाही. म्हणजे खरेच असणार, असे तू धरलेस. मी तुझ्या जागी असते तर तेच धरले असते.

नवसाचे खोटे होते. खरे आता सांगते. वाईट आहे.

तुझे बाबा निघून महिना झाला होता. मालकाकडचे पत्र येऊन गेले होते, पण मी आस सोडलेली नव्हती. रोजच्यासारखा बाजार केला, एक शिंगाळा आणला. शिंगाळा काहीही खातो, तुला ठाऊक आहे. विळीवर त्याचे पोट चिरले तर आत बटण निघाले. शिंपल्याचे, पांढरे, चार भोकांचे.

ते त्यांचे नव्हते. त्यांच्या बंडीला नाड्या होत्या, मीच शिवलेली बंडी. बटण दुसऱ्या कोणाचे होते, किंवा कोणी बोटीवरून टाकलेला सदरा असेल. हे सगळे मी तिथेच, विळीवर बसल्या बसल्या मनाशी म्हटले. पण एकदा ते बटण हातात आल्यावर मला कळले की आपण खातो ती मासळी समुद्रात काय खाते, ते आजपर्यंत आपण कधी विचारले नाही. त्या दिवसापासून मासळी माझ्या तोंडात गेली नाही. ते मेले असे मी म्हटले नव्हते. ते मेले असतील तर, एवढेच माझ्या मनात आले होते, आणि तेवढे पुरले.

हे मी कोणाला कशी सांगणार? सासूबाई हयात नव्हत्या ते बरे. आपल्यात नवरा असलेली बाई मासळी सोडत नाही, नवरा गेल्यावरच सोडते. तुझी आते जयगडाहून आली, तिने चुलीवर नुसती भोपळ्याची भाजी पाहिली आणि ती उंबऱ्यातच ओरडली, "वयनी, माज्या भावाला जित्तेपणी मारलंस गो तू!" मी तिला बटणाचे सांगितले असते, तर तीच गोष्ट तिच्याही डोळ्यांपुढे उभी राहिली असती. म्हणून गप्प राहिले. मी बरी ठरावी म्हणून सांगत नाही, गोष्ट तशीच होती.

अजून एक आहे. याहून वाईट.

आते तुला घेऊन निघाली. "पोर काय पाल्यावर वाढवणार हाय काय ही?" म्हणत तिने तुझे कपडे बांधले. तू माझ्याकडे बघत होतास, मी अडवीन म्हणून. मी अडवले नाही. तुला वाटत आले असेल की मला तू नको होतास. त्याच्या आदल्या दिवशी मैनेने तुला बांगड्याचा तुकडा दिला होता. तू पायरीवर बसून काटा चोखत होतास, हाताला रस लागला होता, तू इतका खूष होतास. मी परसात जाऊन ओकले. मला माझे पोर जेवताना बघवत नव्हते, काशीराम. नऊ वर्षांच्या मुलाची मासळी तोडायची, की त्याच्याकडे पाठ करून बसायचे? मला दोन्ही जमेना. आतेने तुला उचलले तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखे वाटले. त्याची शिक्षा बारा वर्षे भोगते आहे, आणि ती बरोबर आहे.

त्या वेळी मी त्यांना मारले नव्हते. आज मात्र म्हणते, ते गेले. विचार करून म्हणते. तू हे माझ्याबरोबर म्हणावेस अशी इच्छा आहे. जबरदस्ती नाही.

तुझी आई


ता. ३१ ऑक्टोबर १९३३

काशीराम,

उत्तर नाही. पंचमी पुढच्या मंगळवारी आहे. दर्भ आणून ठेवला आहे.

येणार नसलास तरी जेवतोस काय ते कळवत जा. ताक घेऊ लागलास का? आंबट नको.

तुझी आई


ता. ३ डिसेंबर १९३३

काशीराम,

तू पोचल्याचे कार्ड मिळाले. तू गेल्यावर इथे जे झाले ते तुला लिहायला हवे, कारण ते तुझ्यामुळेच झाले.

तू जयगडला उतरून आतेला बरोबर घेऊन येशील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तू पुतळ्याला अग्नी दिलास, हे मी पाहिले. कुंकू मी घरी येऊन स्वतः पुसले. मैनेला बांगड्या उतरवू दिल्या, फोडू दिल्या नाहीत. सुतक फिटल्यावर भावकीला मासळीचे जेवण घालायची आपली रीत, पण माझ्या चुलीवर नको म्हणून ते मैनेच्या अंगणात झाले, आणि तू पथ्यामुळे माझ्याजवळ आत बसून पडवळ जेवलास. त्या सगळ्या दिवसांत आते माझ्याशी शब्दाने बोलली नाही हेही तू पाहिलेस. तू बोटीवर चढलास आणि ती म्हणाली, मी चार दिवस राहते. तुला आश्चर्य वाटले. मला भीती वाटली.

संध्याकाळी मी कुळथाचे पिठले ढवळत होते. ती येऊन उंबऱ्यात बसली.

"काशानं मना तुजं पत्र वाचून दाखवलं," ती म्हणाली.

"ते तुमच्यासाठी नव्हतं, वन्सं."

"ठाऊक हाय. म्हणून तर दोनदा वाचायला लावलं."

मी ढवळत राहिले. गाठी होऊ नयेत म्हणून, आणि तिच्याकडे बघावे लागू नये म्हणून.

"मना बटण नाय मिळालं गो," ती म्हणाली. "बटणाची गरजच नव्हती. तो आला नाय, हे कळलं त्याच दिवशी ताटात सुरमई होती. मी पण तेच मनात आणलं."

"मग खाल्लीत कशी?"

"डोळे मिटून. बारा वरसं. घास तोंडात घातला की डोळे मिटायची. काशा म्हणायचा, आते बघा कशी चवीनं खाते." ती हसली, पण हसू तोंडावर टिकले नाही. "मी थांबले असते तर माजा भाऊ मेला असता. मी खात होते तंवर तो कुठंतरी होता. आणि मग मी हितं आले, तर तुज्या चुलीवर भोपळा. बघितलं आणि कळलं, हिला पण तेच दिसलंय. तू माज्यासारखी डोळे मिटून का नाय खाल्लंस, याचा राग होता मना. एकटीला टाकलंस तू."

पिठले खाली लागले. तेच दोघींनी खाल्ले. ती म्हणाली, "करपलंय." मी म्हटले, "तुम्ही बोलत बसलात म्हणून." ती म्हणाली, "बारा वरसं नव्हते बोलत तवा काय सोन्याचं होत होतं?"

तिने जाहीर केले की आता भाऊ गेला, डोळे मिटायची गरज संपली, ती माझ्यासारखे जेवणार. तिने टाकळ्याची चौकशी केली, पण टाकळा आता कुठला! काळे वाटाणे केले, लाल भोपळा केला, शेवग्याच्या शेंगा केल्या. ती प्रत्येक भाजीला पहिल्या घासाला "बरी हाय" म्हणे आणि दुसऱ्या घासाला मीठ मागे. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी मैनेच्या घरातून बांगडा भाजल्याचा वास आला. आते तांदूळ निवडता निवडता थांबली.

"वयनी."

"काय?"

"मना बांगडा खावासा वाटतो." आणि सूप बाजूला सारून, "आज खावासाच वाटतो गो. खावा लागतोय म्हणून नाय."

मी म्हटले, "माझ्या चुलीवर नको. परसात तीन दगड मांडा."

तिने दगड मांडले, मैनेकडून दोन बांगडे आणले, हळद-मीठ लावून भाजले. मी माझे ताट घेऊन परसाच्या पायरीवर जाऊन बसले. ताटात भात आणि भोपळ्याची भाजी. उठून जाता येईल अशा जागी मी बसले होते, हे खरे सांगते. तिने बांगड्याची पाठ उलगडली. काटे एकेक काढून दगडावर ठेवले. खाताना ती समोर पोफळीकडे बघत होती, मध्येच माझ्याकडे बघत होती. "जेव गो, भात थंड होतोय," म्हणाली. मी भात कालवला आणि खाऊ लागले. ती खात होती आणि मी तिच्याकडे बघत जेवत होते. मला उठावे लागले नाही. मी आणखी भात घेतला.

ती काल जयगडला गेली. जाताना आठळ्या घेऊन गेली, सोमवारसाठी.

तुझे सहा महिने जानेवारीत भरतात. डॉक्टरला विचार. त्याने मोकळे केले की सुट्टी काढून ये, आणि तुला जे खावेसे वाटेल ते बाजारातून आपल्या हाताने आण. भाजून आते देईल किंवा मैना देईल. तू जेवशील तेव्हा मी तुझ्यासमोर बसेन.

तुझी आई